गोकूचा बाप नक्की कसा होता? बार्डॉकच्या गोष्टीतला गुंता

दोन हजारच्या दशकात कार्टून नेटवर्कवर 'ड्रॅगन बॉल झी' बघत मोठी झालेली आपल्याकडे एक अख्खी पिढी आहे. त्यातल्या कुणालाही तिच्या नायकाबद्दल, गोकूबद्दल विचारा, तो तासभर थांबणार नाही. गोकूच्या बापाबद्दल विचारलंत तर मात्र गोंधळ सुरू होतो. एक म्हणेल तो निर्दयी खुनी होता. दुसरा म्हणेल छे, पोराला वाचवायला त्यानेच तर त्याला यानात बसवून पाठवलं. तिसरा अगदी छातीठोकपणे सांगेल की तो शास्त्रज्ञ होता. गंमत म्हणजे तिघांनीही हे स्वतः पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं.

बार्डॉक, म्हणजे गोकूचा बाप, हे पात्र वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या गरजेपोटी लिहिलं गेलंय. घोळाचं कारण तेवढंच. तो सोडवताना माझी बाजू आधीच सांगून टाकतो. मला 1990 च्या खास टीव्ही भागातला बार्डॉक सगळ्यांत खरा वाटतो, आणि तो चांगला बाप नाही हेच त्याचं बळ आहे असं माझं मत आहे.

त्याआधी त्याचं जग समजून घेऊ. अकिरा तोरियामा यांची 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा 1984 मध्ये जपानच्या 'शोनेन जंप' साप्ताहिकात सुरू झाली. तेव्हा तिचा बाज विनोदी साहसकथेचा होता. गोकू हा शेपटीवाला एक रांगडा पोरगा, जुन्या चिनी कथेतल्या वानरवीरावरून बेतलेला, पौर्णिमेचा चंद्र दिसला की महाकाय वानर होणारा. ही शेपटी आली कुठून, याची फिकीर बरीच वर्षं कुणी केली नाही. मग एक दिवस आकाशातून रॅडिट्झ नावाचा राक्षसी ताकदीचा माणूस उतरतो आणि गोकूला सांगतो, मी तुझा थोरला भाऊ. तुझं खरं नाव काकारॉट. तू माणूस नाहीस, सायन आहेस, आणि लहानपणी तुला इथे पाठवलं होतं ते या ग्रहावरची वस्ती साफ करायला.

म्हणजे विनोदी कथेतली शेपटी एका फटक्यात परग्रहावरच्या लढवय्या जमातीची खूण ठरली. भाऊ आला म्हणजे कुठेतरी बापही असणार. ती जागा कथेत रिकामीच राहिली.

सायनांचा धंदा काय होता, हे कळल्याशिवाय बापाची शोकांतिका कळत नाही. त्यांचा मालक फ्रीझा. आपल्याकडे एखादा बिल्डर मोक्याची जमीन हेरतो, गुंड पाठवून तिथली वस्ती उठवतो आणि मोकळा प्लॉट चढ्या भावाने विकतो, तसं फ्रीझा ग्रहांचं करतो. सायन म्हणजे त्याचे वस्ती उठवणारे. फरक इतकाच की इथे वस्ती उठवणं म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांना मारणं. सायनांना याची लाज नाही, उलट अभिमान आहे. लढणं हाच त्यांचा सण.

या जमातीत माणसाची किंमत एका आकड्यावर ठरते. स्काउटर नावाचं यंत्र कानाला अडकवायचं, एका डोळ्यापुढे रंगीत काच येते आणि समोरच्याची ताकद त्यावर आकड्यात उमटते. मूल जन्मलं की पहिलं काम हे मोजमाप. आकडा मोठा असेल तर तो वरच्या दर्जाचा. लहान असेल तर खालच्या दर्जाचा, आणि अशा पोराला दूरच्या, दुबळ्या लोकांच्या ग्रहावर पाठवून द्यायचं. तिथे मोठा होईल तेव्हा करेल वस्ती साफ. काकारॉटचा आकडा होता 2.

बार्डॉकही खालच्या दर्जाचाच. पण लढून लढून, जखमी होऊन बरा होत होत तो वर चढला. सायनांचं शरीरच तसं असतं, मरणाच्या दारातून परतला की तो आधीपेक्षा बळकट होतो. 1990 च्या गोष्टीत त्याच्यावर उपचार करणारे म्हणतात की याचा आकडा लवकरच 10,000 च्या घरात जाईल. खालच्या दर्जाच्या शिपायासाठी ही अफाट मजल. आता हाच आकडा फ्रीझाशेजारी ठेवा. पुढे नामेक ग्रहावर फ्रीझा स्वतःच आपली ताकद 5,30,000 असल्याचं सांगतो, आणि तेही पूर्ण रूप न घेता. म्हणजे ज्याच्याविरुद्ध बार्डॉक उभा राहणार होता, तो त्याच्या पन्नासपटीहून मोठा. लढाई सुरू होण्याआधीच निकाल लागलेला आहे, आणि मुख्य मालिका बघणाऱ्या प्रेक्षकाला तो ठाऊक आहे, कारण सायनांचा ग्रह नष्ट झालाय हे त्याला आधीच सांगितलेलं आहे.

17 ऑक्टोबर 1990 रोजी जपानच्या फुजी टीव्हीवर पाऊण तासाचा एक खास भाग दाखवला गेला. बार्डॉकचा जन्म तिथला. हे पात्र मुळात तोरियामांच्या चित्रकथेत नव्हतं. चित्रकथेवरून टीव्ही मालिका बनवणाऱ्या तोएई अॅनिमेशनच्या मंडळींनी ते उभं केलं, पटकथा ताकाओ कोयामा आणि कात्सुयुकी सुमिसावा यांची. तोरियामांना ते इतकं आवडलं की नंतर त्यांनी बार्डॉकला आपल्या मूळ चित्रकथेत दोनचार चौकटींची जागा दिली. नामेकवर गोकूला पाहून फ्रीझाला पूर्वी आडवा आलेला तोच चेहरा आठवतो, ती ही जागा. कॉपी करणाऱ्यांकडून मूळ लेखकानेच उसनं घ्यावं, असं क्वचित घडतं.

भाग सुरू होतो तो कनास्सा ग्रहावर. रात्रभर महाकाय वानरांच्या रूपात सायनांनी तिथला विध्वंस केलाय. सकाळी बार्डॉक आणि त्याचे चार साथीदार राखेच्या ढिगाऱ्यात आरामात पसरलेत, खात-पीत, चेष्टामस्करी करत. नायकाची अशी ओळख करून द्यायला धाडस लागतं. समोर प्रेतं आहेत आणि आपला नायक जांभया देतोय. तेवढ्यात जिवंत राहिलेला एक कनास्सावासी मागून येऊन बार्डॉकच्या मानेवर वार करतो. मरता मरता तो सांगतो, या ग्रहाचे लोक पुढचं पाहू शकतात, ती शक्ती मी आता तुला दिली. तुमच्या जमातीचा शेवट तू आपल्या डोळ्यांनी बघशील. आम्ही जे सोसलं ते तूही सोस.

कथेचा सगळा कणा इथे आहे. बार्डॉकला मिळालेली भविष्यदृष्टी हे वरदान नाही. ज्यांना त्याने संपवलं त्यांनी दिलेला तो शाप आहे. त्यामुळे पुढे त्याच्यावर जे येतं ते अन्यायाने आलेलं नाही, हे प्रेक्षकाला कायम टोचत राहतं. त्याची कणव येते आणि त्याच वेळी वाटतं, भोग बाबा.

इकडे फ्रीझाच्या गोटात वेगळीच हालचाल चालू असते. सायन दिवसेंदिवस बळकट होतायत. त्यांच्यात एक दंतकथा आहे, हजार वर्षांतून एकदा जन्मणाऱ्या सुपर सायनची. फ्रीझाला ती पोकळ वाटत नाही. कंसाने आकाशवाणी ऐकली आणि गोकुळातली पोरं मारायला राक्षस धाडले, पण नेमका जो मारायचा तोच हातून सुटला होता. इथेही साचा तोच. भीतीपोटी अख्खी जमात संपवायची, आणि आकडा 2 असलेल्या एका पोराकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

बार्डॉक उपचाराच्या टाकीत असताना त्याला तुकड्या-तुकड्यांत दृश्यं दिसायला लागतात. फुटणारा ग्रह. एक अनोळखी मुलगा. तोच मुलगा मोठा झालेला. टाकीतून बाहेर आल्यावर तो बालकक्षावरून जातो. आत नुकताच जन्मलेला काकारॉट टाहो फोडून रडतोय. बार्डॉक स्काउटरवर आकडा बघतो, तुच्छतेने एक शिवी हासडतो आणि पुढे निघून जातो. बाप-लेकाची या भागातली भेट म्हणायची तर एवढीच. उचलून घेणं नाही, निरोप नाही. पोराला पृथ्वीवर पाठवायचं ते सरकारी खाक्यानुसार, बापाने त्यात काही केलेलं नाही.

त्याच्याशिवायच त्याचे साथीदार मीट नावाच्या ग्रहावर मोहिमेला गेलेले असतात. बार्डॉक मागून पोचतो तेव्हा सगळे मरून पडलेत. फक्त टोमा, त्याचा सगळ्यांत जवळचा दोस्त, शेवटचे श्वास मोजतोय. तो सांगतो की मारणारे आपल्याच मालकाचे लोक होते, फ्रीझाच्या हुकमावरून डोडोरिया आणि त्याची टोळी. टोमाच्या दंडावर पांढऱ्या कापडाची पट्टी असते. बार्डॉक ती सोडवतो. मित्राच्या रक्ताने ती लाल होते. ती पट्टी तो कपाळावर बांधतो. बार्डॉकच्या प्रत्येक पोस्टरवर, खेळण्यावर, गेममध्ये जी लाल पट्टी दिसते ती ही. कित्येक जणांना ती नुसती फॅशन वाटते.

डोडोरियाच्या शिपायांना तो लोळवतो, पण डोडोरियाच्या एका फटक्यात स्वतःही कोसळतो. कसाबसा ग्रहावर परततो. आणि मग या भागातला मला सगळ्यांत आवडणारा प्रसंग. रक्तबंबाळ बार्डॉक जेवणघरात शिरतो. सायन टेबलांवर ताव मारत बसलेत. तो ओरडून सांगतो, फ्रीझा आपल्याला संपवणार आहे, उठा, मिळून लढलो तर काही होईल. सगळे हसतात. डोक्यावर परिणाम झालाय म्हणतात. ज्या माणसाने आयुष्यभर ताकदीच्या आकड्यावर लोकांना तोललं, त्याच्याकडे आता फक्त शब्द आहेत, आणि या जगात शब्दाला आकडा नाही. सहदेवाला पुढचं कळायचं पण सांगायची बंदी होती, असं आपल्याकडे म्हणतात. बार्डॉकला सांगायची पूर्ण मोकळीक आहे, ऐकायला कुणी नाही. मला हे जास्त जीवघेणं वाटतं.

चिडून, त्यांना मरा म्हणत तो एकटाच वर झेपावतो. शिपायांच्या थव्यातून वाट काढत तो फ्रीझाच्या यानापाशी पोचतो. फ्रीझा आपल्या तरंगत्या खुर्चीतून बाहेर येतो. बार्डॉक हातात सगळी ताकद गोळा करतो आणि म्हणतो की आता सगळं बदलेल, या ग्रहाचं नशीब, माझं, काकारॉटचं आणि तुझंही. ज्या पोराला त्याने आकडा बघून झिडकारलं होतं त्याचं नाव या यादीत येतं, हे लक्षात ठेवा. तो गोळा फेकतो. फ्रीझा एक बोट वर करतो, त्यावर सूर्याएवढा आगीचा गोळा तयार होतो. बार्डॉकचा गोळा त्यात विरून जातो, समुद्रात पडलेल्या ठिणगीसारखासुद्धा आवाज होत नाही. मग फ्रीझाचा गोळा बार्डॉकला, फ्रीझाच्या स्वतःच्या शिपायांना आणि शेवटी ग्रहाला गिळतो. फ्रीझा आतषबाजी बघणाऱ्या पोरासारखा खिदळतो. जळता जळता बार्डॉकला शेवटचं दृश्य दिसतं: मोठा झालेला काकारॉट, फ्रीझासमोर उभा. तो हसतो आणि पोराला हाक मारतो.

आता तारखेचा खेळ बघा. ऑक्टोबर 1990 मध्ये गोकू आणि फ्रीझा यांची लढाई जपानी वाचक-प्रेक्षकांनी अजून पाहिलेलीच नव्हती. चित्रकथेत ती 1991 मध्ये आली, गोकू सुपर सायन झाला तोही तेव्हाच. म्हणजे बार्डॉकला दिसलेलं भविष्य हे प्रेक्षकांसाठीही खरोखरच भविष्य होतं. आज आपण हा भाग बघतो तेव्हा तो भूतकाळातली कथा वाटतो. तेव्हाच्या प्रेक्षकाला तो येणाऱ्या लढाईचा नगारा होता.

या कथेचं नातं अनेक जण सुपरमॅनशी जोडतात, आणि ते उघडच आहे: ग्रह फुटतो, बाळ यानातून पृथ्वीवर येतं, साधी माणसं त्याला वाढवतात. पण सुपरमॅनचा बाप शहाणा शास्त्रज्ञ आहे, त्याला धोका कळतो आणि तो प्रेमाने पोराला वाचवतो. 1990 चा बार्डॉक याच्या बरोब्बर उलटा. तो पोराला वाचवत नाही. पोरगा वाचतो तो कारभाराच्या एका निर्दयी नियमामुळे, आणि ते बापाला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आणि इथे त्या तिसऱ्या माणसाचा शास्त्रज्ञ बाप कुठून आला तेही सांगून टाकतो. नव्वदच्या दशकात मालिकेचं जे पहिलं इंग्रजी रूपांतर झालं, त्यात व्हेजिटाच्या, म्हणजे गोकूशी लढायला आलेल्या सायन राजपुत्राच्या तोंडी गोकूचा बाप हुशार शास्त्रज्ञ असल्याचं एक वाक्य घातलं गेलं. मूळ जपानीत असलं काही नाही. रूपांतर करणाऱ्याने सुपरमॅन आठवून ते घातलं की आणखी कशामुळे, याचा विचार आपण करत बसण्यात अर्थ नाही. विसरून जा.

मात्र गंमत अशी की पुढे खुद्द तोरियामाच सुपरमॅनच्या बाजूला सरकले. 2014 मध्ये त्यांनी 'ड्रॅगन बॉल मायनस' नावाचं एक छोटं प्रकरण लिहिलं. त्यात भविष्यदृष्टी नाही, कनास्सा नाही, लाल पट्टीची ती हकीकत नाही. इथे गोकूला आई आहे, गीने. ती मृदू स्वभावाची, लढाईत न रमणारी, मांस वाटपाच्या कामावर असणारी बाई. फ्रीझा सगळ्या सायनांना ग्रहावर परत बोलावतो, बार्डॉकला संशय येतो, आणि दोघं नवरा-बायको चोरलेल्या यानात लहानग्या काकारॉटला बसवून पृथ्वीकडे रवाना करतात. सतत लढण्याचा कंटाळा आला, कधीतरी काहीतरी वाचवावंसं वाटलं, असं काहीसं बार्डॉक बायकोला म्हणतो. 2018 च्या 'ड्रॅगन बॉल सुपर: ब्रोली' या चित्रपटात हाच प्रसंग घेतला आहे, आणि नव्या पिढीला हाच बार्डॉक माहीत आहे. कथेची अधिकृत बाजू विचाराल तर ती ही, कारण लिहिणारा मूळ लेखक आहे.

यात काही मिळालं हे कबूल. गोकू शत्रूलाही जीवदान देतो, हा गुण आला कुठून, याचं उत्तर गीनेमध्ये मिळतं. यान वर जाताना आई-बाप पोराला निरोप देतात तो क्षण कुणाच्याही डोळ्यांत पाणी आणेल. पण काय गेलं तेही बघा. कनास्साची प्रेतं गेली. बार्डॉकच्या हातावरचं रक्त पडद्याआड गेलं. शाप गेला, म्हणून फेडही गेली. उरला तो एक प्रेमळ बाप आणि एक दुष्ट मालक. अशा बापाच्या मरणाचं वाईट वाटतं, त्याने आपली झोप उडत नाही. आधीचा बार्डॉक मरतो तेव्हा त्याला कुणाच्या बाजूने उभं राहून बघायचं हेच आपल्याला ठरवता येत नाही.

2011 चं एक वेगळंच प्रकरण आहे, नाहो ओओइशी यांची चित्रकथा 'एपिसोड ऑफ बार्डॉक', ज्याची छोटी अॅनिमेशन फिल्मही निघाली. त्यात बार्डॉक मरत नाही, काळात मागे फेकला जातो, फ्रीझाच्या पूर्वजाशी लढतो आणि स्वतःच सुपर सायन होतो. चाहत्यांची हौस म्हणून ठीक. मूळ कथेत ते धरू नका. मरणाला वळसा घातलेला बार्डॉक मला तरी पाणी घातलेल्या ताकासारखा लागतो.

शेवटची भर 'ड्रॅगन बॉल सुपर'च्या चित्रकथेतली, तोयोतारो यांनी चित्रित केलेली, 2021-22 ची. सीरिअल नावाच्या ग्रहावर सायनांनी संहार केला, तेव्हा बार्डॉकने ग्रॅनोला नावाचा एक लहान मुलगा आणि त्याची आई यांना वाचवलं होतं, असं तिथे उघड होतं. मोठा झालेला ग्रॅनोला सायनांचा सूड घ्यायला निघतो. त्या कथेत एका जुन्या स्काउटरमध्ये साठवलेला आवाज गोकूच्या कानावर पडतो आणि आई-बापाची आठवण त्याला पहिल्यांदा येते. मला हे जोडकाम हुशारीचं वाटलं, कारण मऊ झालेला बार्डॉक आणि संहार करणारे सायन पुन्हा एका चौकटीत आले. वाचवणारा आहे, पण तो ज्यांच्या बरोबर आला तेच मारणारे आहेत.

पहिल्यांदा बघणार असाल तर एवढं करा. मालिका नामेकपर्यंत बघा, गोकू फ्रीझासमोर उभा राहण्याआधी थांबा आणि 1990 चा खास भाग लावा. शक्यतो जपानी आवाजात. तिथे बार्डॉक आणि गोकू दोघांनाही मासाको नोझावा यांचाच आवाज आहे, इंग्रजीत बार्डॉकचा आवाज सॉनी स्ट्रेट यांचा आणि गोकूचा वेगळ्याचा. मग पुन्हा नामेकवर या. 'ब्रोली' चित्रपट त्यानंतर कधीही पाहिलात तरी चालेल, फक्त तो आधी बघू नका.